मोटारीवाचूनचा प्रवास

इंग्लंडातील खेड्यापाड्यांत भर हिवाळ्यात मोटारीवाचून हिंडावयाचे, तर नकाशापेक्षा वेळापत्रकच आधी उघडावे लागते. ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअर गाठावे, पुढे बसने जावे. परंतु डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि नाताळच्या दिवशी आगगाड्या बंदच असतात. आम्हांस हे बंधन जाचत नाही; चार दऱ्या धावत पाहण्यापेक्षा एकच पायी पाहावी, हा विवेक त्यानेच शिकविला. विंडरमिअरच्या याच लोहमार्गास १८४४ साली वर्ड्‌स्वर्थने विरोध केला होता. गर्दीने एकांत भंगेल, ही त्याची भीती. १८४७ मध्ये मार्ग झाला, आणि ते सौंदर्य सामान्यांच्याही आवाक्यात आले. पुढे १९६३ च्या बीचिंग-अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली, आणि अनेक खेड्यांची आगगाडी कायमची गेली.

मग मोटारीचा त्याग हा आमचा सद्‌गुण मानावा काय? बसमध्ये शेजारी बसलेल्या वृद्धेने कशाचाच त्याग केलेला नसतो. तिला दुसरे साधनच नसते. स्वेच्छेने पत्करलेले बंधन व्रत ठरते, लादलेले, दैन्य. आमचे व्रत चार दिवसांचे, तिची गरज बारमाही. तेव्हा त्या व्रताची थोरवी गाऊ नये. ओस हिवाळ्यातही तिची बस चालू राहावी म्हणून आपले तिकीट मुकाट्याने काढावे, हेच बरे.