अधिपत्र आणि अधिकार

१३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर विनायक दामोदर सावरकरांना अटक झाली. मुंबईहून निघालेल्या अधिपत्राला १८८१ च्या फरारी गुन्हेगारविषयक ब्रिटिश कायद्याचा आधार होता. आरोपीला परत पाठविणे अन्याय्य वा जुलमी ठरत असेल तर तसे न करण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. मुंबईचा खटला ज्या विशेष न्यायासनापुढे चालणार होता, तेथे ना ज्यूरी होती, ना अपील. तरीही जूनमध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हेबिअस कॉर्पसचा अर्ज फेटाळला.

८ जुलै रोजी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेऊन सावरकर फ्रेंच भूमीवर पोहोचले. तेथील शिपायाने त्यांना धरून बोटीवर परत नेले. फ्रान्सने आक्षेप घेतला आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने अटकेतील अनियमितता मान्य केली. परंतु परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे सांगितले. मुंबईतील दोन्ही शिक्षा त्याआधीच ठोठावल्या गेल्या होत्या. ज्याच्या देहाविषयी वाद, तो त्या वादात पक्षकारच नव्हता.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. आरोपी दोषी असेल, तर कागदातील उणिवेचे एवढे स्तोम कशासाठी? हा आक्षेप पोकळ नाही. एखाद्या शिक्क्याच्या अभावी खुनी सुटला, तर मृताच्या आप्तांनी न्याय कोठे मागावा? परंतु अधिपत्राला आव्हान देणारा ‘मी निर्दोष आहे’ असे म्हणतच नाही. ‘मला धरण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?’ एवढेच तो विचारतो. या प्रश्नाचे उत्तर त्याच्या अपराधात सापडत नाही.

म्हणून दोन दोषांत भेद करावा लागतो. लेखनातील चूक दुरुस्त करता येते. तीपायी खटला बुडू नये. मात्र सत्तेने मर्यादा ओलांडून माणूस हाती घेतला असेल, तर त्या उल्लंघनाचे फळ तिच्या पदरात टाकणारे न्यायालय त्यात सहभागी होते. १९९३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बेनेट प्रकरणात हेच तत्त्व मानले: प्रत्यर्पणाची रीत डावलून आणलेल्या आरोपीवरील खटला थांबविता येतो. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र मेक्सिकोतून पळवून आणलेल्या आरोपीवर खटला चालू दिला होता.

अधिपत्र ही सत्तेने स्वतःलाच घातलेली शपथ आहे. ती नावडत्या माणसाच्या बाबतीतही पाळली गेली, तरच तिला कायदा म्हणावे.