सुटी केलेली गाडी असते कुठे?

प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी गाडी पुन्हा मुळापासून बांधायला घेतली, की थोड्याच दिवसांत तिच्यातले गाडीपण दिसेनासे होते. इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा सगळा संसार, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि मागचे ॲक्सल, उतरवून खोक्यांत आणि फळ्यांवर जातो. सांगाडा पत्राकामाला जातो. मग पत्रा, रंग, मिळत नसलेले भाग आणि संपत आलेले पैसे यांत वर्षे निघून जातात. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाहीशी झाली. आता उरलेल्या पद्मिनींपैकी काही अशा खोक्यांतच आहेत. आहेत, असे म्हणावे का, हाच प्रश्न आहे. तो रिकामटेकडा वाटेल. पण आपल्या दर्शनांनी रथाच्या आणि घटाच्या निमित्ताने त्यावर शतकानुशतके डोके शिणवले आहे, आणि त्याचे उत्तर काय देतो यावर ते खोके कसे भरायचे हेही ठरते.

‘मिलिंदप्रश्ना’तला भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास तर रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाके? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळे एकत्र धरले तरी नाही, आणि हे सगळे वगळूनही रथ सापडत नाही. शेवटी दोघे मान्य करतात, की या अवयवांच्या आधाराने चालणारे ‘रथ’ हे एक व्यवहारातले नाव आहे. ‘मी’ म्हणून कोणी कायमचा आत बसलेला नाही, हे नागसेनाला त्यातून दाखवायचे आहे. याच्या उलट बाजूला नैयायिक. गौतमाच्या न्यायसूत्रांत अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळा असा अखंड पदार्थ, मानला आहे, आणि त्याला दिलेला एक पुरावा कोणत्याही मेकॅनिकला पटावा: एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते. नुसत्या ढिगाऱ्याचे तसे होत नाही. मात्र याच मताची दुसरी बाजू कठोर आहे. अवयवांचा संयोग तुटला की अवयवी नष्ट होतो. म्हणजे शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा पद्मिनी संपली, आणि काही वर्षांनी जोडली जाईल ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी गाडी.

खोक्यातले डिफरन्शियल उघडून पाहिले, तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. त्यातली क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि जोडी म्हणूनच बसवली जातात. दातांची संख्या तीच, माप तेच, तरी दुसऱ्या जोडीतला पिनियन आणून बसवला तर गाडी हुंकारत चालते आणि दात लवकर झिजतात. दोघांमधले अंतर शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून नेमके बसवलेले असते. शिमांची अदलाबदल झाली, की ती जुळणी पुन्हा मापून काढावी लागते. प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर उतरवण्यापूर्वी खूण करतात, कारण तो आधीच्याच स्थितीत बसला नाही तर त्याचा तोल जाऊन थरथर सुरू होऊ शकते. नाव हा केवळ संकेत असता, तर चुकीच्या जोडीलाही आपण बिनबोभाट डिफरन्शियल म्हटले असते आणि प्रश्न मिटला असता. लोखंड तसे म्हणू देत नाही. दुसरीकडे, संयोग तुटल्यावर काहीच उरत नसेल, तर वेगवेगळ्या खोक्यांतले हे दोन तुकडे एकमेकांचेच कसे राहतात? संयोग गेला, पण त्याने केलेला संस्कार दातांच्या अंगावर आहे. माझे मत असे, की अवयवी नावाचा जादा पदार्थ नाही, इथवर नागसेन बरोबर आहे. पण अवयवांनी एकमेकांवर केलेली घडण खरी असते, आणि ती शाबूत असेपर्यंत सुटी गाडी क्षीणपणे का होईना, असते.

‘क्षीणपणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ही घडण आपोआप टिकत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ती कित्येक आठवडे ऐंशीच्या वर असते. बेअरिंगला उघड्या बोटांनी हात लावला तर घामातले क्षारही ठसा उमटवतात. गिअरबॉक्समध्ये तेल असले तरी ते खालच्या दातांपुरतेच. वरचे दात आणि बेअरिंग हळूहळू कोरडे पडतात, म्हणून शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा लागतो. क्लच प्लेटला उलट तेलाचा थेंबही चालत नाही, तिला कोरडे आणि सपाट ठेवावे लागते. सिमेंटच्या जमिनीवर काही ठेवायचे नाही, पुठ्ठा ओल शोषतो, आणि प्रत्येक भागाची चिठ्ठी अशा शाईने लिहायची जी ग्रीसमध्ये विरघळणार नाही. या चिठ्ठीला मी तेलाइतकेच महत्त्व देतो. दातांवरची घडण लोखंडात असते, पण कोणता शिम कोणत्या बाजूचा हे शिमवर लिहिलेले नसते. गाडीच्या असण्याचा तेवढा भाग माणसाच्या जबाबदारीत येऊन पडतो.

यावर एक जुना आक्षेप येईल. थीसिअसच्या जहाजाच्या फळ्या बदलत गेल्या, तर ते तेच जहाज का, हा प्लुटार्कने नोंदवलेला वाद. हॉब्जने १६५५ मध्ये त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडल्या, तर खरे जहाज कोणते? पुनर्बांधणीतही ऑइल सील, गॅस्केट, क्लचचे अस्तर नवे घालावेच लागते. पण हे भाग झिजून बदलले जाण्यासाठीच केलेले असतात. त्यांच्या बदलण्याने गाडीची घडण पाळली जाते. क्राउन-पिनियनची गोष्ट वेगळी, आणि हॉब्जच्या कोड्यात सगळ्या फळ्या सारख्याच धरल्या आहेत, इथेच ते मला कच्चे वाटते. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हा सगळा परिग्रह नाही का? वर्षानुवर्षे लोखंड साठवून ठेवणाऱ्याने त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा का द्यावा? अनेकांच्या बाबतीत हे खरेच आहे. मालकीच्या सुखासाठी ठेवलेले खोके उघडले जात नाही. त्यातले तेल आटते, चिठ्ठ्या कुजतात, आणि ज्या गाडीच्या नावाने हे साठवले तीच त्यात संपते. अपरिग्रहाला विरोध अशा साठवणीचा आहे. वस्तूचे देणे लागतो म्हणून ती सांभाळणाऱ्याला मात्र वेळ आली की ती हातावेगळी करणे जड जात नाही. तेव्हा गाडी बांधणे आपल्याकडून होणार नाही असे पक्के झाले असेल, तर भाव कोणी जास्त देते म्हणून क्राउन एकाला आणि पिनियन दुसऱ्याला विकू नका. शिम आणि चिठ्ठ्यांसकट सगळे एकाच माणसाच्या हवाली करा.