आवाज कुणाचा?

वडिलांची १९७४ सालची बुलेट मी जपून ठेवली आहे. जुना सायलेन्सर गंजला म्हणून नवा बसवला, तर तिची ओळखीची धडधड मुकीच झाली! साताऱ्यातल्या एका मेकॅनिककडून मग आतली जाळी काढून घेतली. ('कायद्यात बसत नाही हं,' असे बजावून त्याने पैसे मात्र मोजून घेतले.) इंजिनातून सुटणाऱ्या दाबाच्या लाटा त्या जाळीच्या भोकांत मोडतात, जाळी गेली की तशाच बाहेर पडतात. कराडमार्गे सांगली येईपर्यंत मी हवेत होतो.

मनाशी समर्थनही तयार होते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, त्याला आपण कला म्हणतो. मग मी निराळे काय केले? गल्लीत शिरलो आणि समोरची खिडकी धाडकन बंद झाली. तंबोऱ्यापुढे माणूस आपण होऊन येऊन बसतो. माझ्या गाडीपुढे कोण बसले होते? वसाहतीत रात्री ४५ डेसिबल, अशी मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. खिडक्यांना ती वाचावी लागत नाही.

आई दारात आली. मी म्हटले, "बाबांच्या गाडीचा आवाज ओळखलास ना?"

"रात्री कसला आवाज?" ती म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणायचे ते. कडी वाजली की मला कळायचं."

पहाटे निघताना मी गाडी हमरस्त्यापर्यंत ढकलत नेली. बुलेट फार जड असते हो!