डॅशबोर्डामागची तार

लष्करातील आमच्या वाड्यात जिथे एके काळी घोड्यांची पागा होती, तिथे आज आमच्या वडिलांची मॉरिस मायनर उभी असते. ही मोटार इंग्लंडमध्ये १९४८ साली प्रथम लोकांसमोर आली आणि पुढे हिंदुस्थान मोटर्सने ती आपल्या देशात ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली. आबांची गाडी त्याच सुमाराची. आबांच्या पश्चात ती आम्हा दोघा भावांच्या सामाईक मालकीची झाली. थोरले दादा नोकरीनिमित्त पुण्यास गेले ते तिथलेच झाले. गाडीची देखभाल माझ्याकडे आली. काही वर्षांपूर्वी मी तिच्या डॅशबोर्डामागे एक रेडिओ बसवून घेतला आणि दादांना ते कळू दिले नाही. घटना एवढीच आहे. परंतु तिने जो प्रश्न उभा केला तो एका मोटारीपुरता राहिलेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडतो आहे. वारशाने आलेल्या वस्तूत बदल करण्याचा अधिकार कोणाला, आणि कुठवर?

आबांना रेडिओचे वावडे नव्हते. ग्वाल्हेरला १९६४ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून आमच्या बैठकीतील रेडिओ सहसा त्याच केंद्रावर लावलेला असे. पंडित कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे असले की आबा हातातले काम ठेवून समोर येऊन बसत. गाणे ऐकायचे तर बसून, ही त्यांची शिस्त. “आणि गाडी चालवताना गाडीचं ऐकावं,” असे ते म्हणत. इंजिनाचा सूर किंचित बदलला तरी त्यांच्या कानाला कळे. शिवाय त्या काळी रेडिओसाठी पोस्टातून दरसाल परवाना काढावा लागे (ती पद्धत ऐंशीच्या दशकात संपली) आणि मोटारीत तो बसवायचा तर एरियलसाठी पत्र्याला भोक पाडावे लागे. भोकाची कल्पनाच त्यांना असह्य होती.

मग मी ते का केले? नातवामुळे. त्याला ही गाडी पाहायला आवडे, पण तिच्यात बसायला तो राजी नसे. ‘आजोबा, ही बोलत नाही,’ ही त्याची तक्रार. गाडी न चालवली तर काय होते हे गाडी सांभाळणारा जाणतो: टायर एका जागी दबून बसतात, बॅटरी उतरते, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो. माझ्यानंतर ती चालवील असा घरात तो एकटाच. रेडिओच्या निमित्ताने तो मेळ्यापर्यंत जरी माझ्याबरोबर आला, तरी गाडीचे आयुष्य वाढेल असा माझा हिशेब होता.

काम वाटले तितके सोपे नव्हते. आमचे विजेचे उस्ताद बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “साहब, इसकी बॉडी प्लस है. आज का सेट बॉडी माइनस माँगता है.” त्या काळच्या अनेक विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, आजच्या रेडिओचे धातूचे कवच मात्र ऋण टोकाला जोडलेले असते. ते कवच लोखंडी डॅशबोर्डाला नुसते टेकले तरी बॅटरीची दोन टोके थेट एकमेकांना भिडतात आणि तारा जळतात. यावर दोन उपाय. गाडीच उलटी करायची: बॅटरीची टोके बदलायची, डायनॅमोला नव्या दिशेची सवय लावायची, कॉइलच्या तारा फिरवायच्या. नाहीतर गाडी आहे तशी ठेवून रेडिओ तिच्यात अधर ठेवायचा. आम्ही दुसरा मार्ग धरला. लाकडी फळीवर रबर घालून रेडिओ असा बसवला की त्याचा कुठलाच भाग पत्र्याला शिवू नये. त्याची तांबडी तार गाडीच्या अंगाला आणि काळी तार फ्यूजमधून बॅटरीच्या ऋण टोकाकडे नेली. एरियलच्या तारेवरचे जाळीदार वेष्टणही ऋणच असते, म्हणून तीही पत्र्यापासून सांभाळून आतल्या आत फिरवली. पत्र्याला एकही भोक पडले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला आबांची गाडी जशीच्या तशी दिसत होती.

मनाची समजूत घालण्यासाठी मला मोठमोठे आधार सापडले. मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर मान्य करतो की रथ हे या सर्वांच्या एकत्र असण्याला दिलेले नाव आहे. आबांनी तरी काय केले होते? टायर, बॅटरी, गाद्या सारे त्यांच्या हयातीतच कितीदा बदलले. मग एका रेडिओने काय बिघडले?

इमारतींच्या जतनाविषयीची १९६४ ची व्हेनिसची सनद सांगते की नवा भाग जुन्याशी मेळ राखणारा असावा, पण जुना म्हणून खपू नये. आपल्याकडील इंटॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेने त्याच्या जोडीला जीर्णोद्धाराच्या आपल्या परंपरेलाही मान दिला. वापरातली वास्तू पुन्हा घडवत राहणे हेही जतनच आहे, असे तिचे म्हणणे. आपल्या महाराज बाड्यावरचे व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली आगीत सापडले. आज त्याच वास्तूत भूविज्ञानाचे संग्रहालय आहे. बाहेरून तीच वास्तू, आतला संसार नवा. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्यूरिन सनदही बदलाला सरसकट मनाई करत नाही. तिचा आग्रह एवढाच, की बदल परत फिरवता यावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. माझा रेडिओ या साऱ्या कसोट्यांना उतरत होता. तरीही दादांचा फोन आला की मी गाडीचा विषय टाळत असे. तेव्हा जाणवू लागले की या सर्व सनदा वस्तूशी कसे वागावे ते सांगतात, आणि माझी चूक वस्तूच्या बाबतीत झालेलीच नव्हती.

आपल्या भाषेत दोन क्रियापदे आहेत: झाकणे आणि लपवणे. झाकण्याला केवळ वस्तू पुरते. आपण भांडे झाकतो, अंग झाकतो, आणि डॅशबोर्डामागच्या तारा झाकलेल्याच असतात. त्यात कोणाची फसवणूक नाही. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी विजेवर चाले. वीज कुठून येते ते पाहुण्यांपुढे मांडलेले नसेल, पण म्हणून कोणी तिला खोटी म्हटले नाही. लपवणे मात्र वस्तूवर थांबत नाही. ‘लपवले’ म्हटले की ‘कोणापासून?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्या क्रियेत दुसरा माणूस असतोच, आणि तो बहुधा जाणण्याचा हक्क असलेला माणूस असतो. रेडिओ मी जगापासून झाकला होता आणि दादांपासून लपवला होता. तार तीच, फळी तीच. पण कृत्ये दोन होती.

त्या वर्षी गणपतीला दादा आले. आम्ही गाडीतून फूलबागेकडे निघालो आणि मागे बसलेल्या नातवाने उत्साहाने पुढे वाकून रेडिओ लावला. दादा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी विचारले, “किती दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

“विचारलं का नाहीस?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालोच असतो,” दादा म्हणाले.

हे उत्तर मला फार दिवस पुरले. ‘विचारले असतेस तर हो म्हणालो असतो’ असे ते म्हणाले असते, तर माझी चूक शिष्टाचारापुरती ठरली असती. पण ते खरे बोलले आणि माझ्या ध्यानात आले की मी त्यांचा नकार चोरला होता. नकार चुकीचा असला तरी तो देण्याचा हक्क त्यांचा होता. माझे कारण सबळ असेल तर ते त्यांच्यापुढे मांडून, वाद घालून, वेळ पडल्यास हरून दाखवायला हवे होते.

आपल्या घराघरांत हे चालले आहे. वाडा, देवघर, कुळाचाराची भांडी, जुने दप्तर यांपाशी जो राहिला त्याच्या हाती किल्ल्या असतात आणि जो पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेला त्याच्या हाती फक्त आठवण असते. राहिलेल्याला वाटते की गळके छप्पर मी पाहतो, तेव्हा निर्णयही माझा. गेलेल्याला वाटते की निदान तिथे तरी सारे होते तसे राहावे. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण किल्ल्या ज्याच्या हाती, त्याला न विचारता करण्याची सोय असते, म्हणून विचारण्याची जबाबदारीही त्याच्यावर अधिक. वारसा हे आपण धन समजतो; सामाईक वारसा एकमेकांचे ऋणही असतो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना बोलावून मी रेडिओ काढला. तासाभराचे काम. दादांनी स्वतः विजेरी घेऊन आत डोकावून पाहिले. पत्र्यावर ओरखडादेखील नव्हता. नातू दिवसभर रुसून होता. निघताना दादा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.”

रेडिओ कपाटात आहे. बॅटरीकडून आलेल्या तारेचा फ्यूज काढून तिचे टोक पट्टी गुंडाळून डॅशबोर्डामागे बांधून ठेवले आहे. बाहेरून ती दिसत नाही. दादांना मात्र ठाऊक आहे.