दोरीवरचे रोप

कृषी विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची आठवण बहुतेकांना होते ती प्रबंध संपत आल्यावर. हंगाम सरलेला असतो, प्लॉट मोकळे झालेले असतात, वहीत आकडे असतात आणि प्रश्न एकच असतो : 'सिग्निफिकंट आलं का?', म्हणजे दिसलेला फरक योगायोगापलीकडचा ठरला का. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. हा विषय म्हणजे शेवटचे शिक्कामोर्तब, असेच आपण त्याला शिकवले. खरे तर या शास्त्राचे काम पेरणीच्या आधी सुरू होते, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात ते नीट झाले की नाही यावर शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणारे पैसे ठरतात.

परभणीचे कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. तिथे ज्वारीचा वा कापसाचा नवा वाण तपासायचा तर आधी रान ओळखावे लागते. वरच्या अंगाला जमीन उथळ, ओढ्याकडे भारी. नवा वाण खाली आणि जुना वर पेरला, तर जिंकते ते रान, वाण नव्हे. म्हणून रानाचे असे पट्टे पाडायचे की एका पट्ट्यात जमीन सारखी असेल; प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण घ्यायचे, आणि कुठला वाण कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी शंभर वर्षांपूर्वी उभी केलेली ही रीत. विद्यार्थी तिला 'आरबीडी' (रँडमाइझ्ड ब्लॉक डिझाइन) म्हणतात. चिठ्ठी कशासाठी, हे मात्र सांगू शकणारे थोडेच भेटतात. संशोधकाचे स्वतःच्या वाणावर प्रेम असते. निवड त्याच्या हातून काढून घेण्यासाठी ती चिठ्ठी आहे.

ही रीत भारतीय शेतीसंशोधकांपर्यंत पोचवणारे पुस्तक दोन मराठी माणसांचे आहे. विनायक गोविंद पानसे इंदूरला कापसावर काम करत होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1911 साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मले. दोघांचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 मध्ये काढले. आजही विद्यार्थी त्याला नुसते 'पानसे-सुखात्मे' म्हणतात.

पण परभणीला सुखात्म्यांचे ऋण आहे ते दुसऱ्याच एका कामासाठी. देशाचे पीक किती आले हे नजरअंदाजाने न ठरवता चिठ्ठीने निवडलेल्या शेतात ठरावीक तुकडा कापून, मळून, वजन करून ठरवावे, हा आग्रह त्यांनी 1940 च्या दशकात तडीस नेला. तुकडा केवढा घ्यायचा यावर त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी मोठा वाद झाला. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता. खर्च कमी, म्हणून जास्त शेते पाहता येतात. मुद्दा वजनदार होता. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापणी करून दाखवले की लहान तुकड्यातून उत्पन्न जास्त दिसते. 1946 साली 'नेचर'मध्ये त्यांनी ते मांडले.

कारण साधे आहे. दोरी ताणली की काही रोपे नेमकी दोरीवर येतात. ती आत की बाहेर? कापणाऱ्याचा हात ती आत घेतो. दहा बाय पाच मीटरच्या आयतात दर चौरस मीटरमागे कड साठ सेंटिमीटर येते. एक मीटरच्या चौकोनात ती चार मीटर होते. जितकी कड जास्त, तितका हाताला वाव जास्त. आणि अशा चुकीचे दुष्टपण असे की हजार तुकडे कापले तरी ती जात नाही. योगायोगाच्या चुका एकमेकींना खोडतात. एका बाजूला झुकलेली चूक तशीच उरते. संख्याशास्त्रात शिकवण्यासारखे याहून मोलाचे मला दुसरे काही वाटत नाही.

2025 च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे अशाच कापलेल्या तुकड्यांतून, येणाऱ्या उत्पन्नाच्या आधारे ठरते. मागल्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा, सरासरी हेक्टरी बारा क्विंटल, उंबरठा 8.4. महसूल मंडळात यंदा खरे उत्पन्न आठ क्विंटल. भरपाई बसते. दोरीवरच्या रोपांमुळे ते सहा टक्क्यांनी फुगले तर 8.48 होते आणि साऱ्या मंडळाला एक पैसाही मिळत नाही. कोणी म्हणेल, दरवर्षी तेवढेच फुगत असेल तर उंबरठाही फुगेल आणि फरक मिटेल. बरोबर आहे. पण चूक दरवर्षी सारखीच होईल याची हमी कोण देणार? मापणारी माणसे बदलतात, घाई बदलते, दबाव बदलतो. उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. तिने नुकसान नसलेल्या मंडळालाही भरपाई मिळते आणि खरे नुकसान झालेल्या शेजारच्या मंडळाचा विश्वासच जातो.

तुकड्याच्या मापाने उत्पन्न किती फुगते हे तपासणे संशोधनच आहे, आणि ते परभणीतच व्हायला हवे. कृषी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि नांदेड विद्यापीठाशी संलग्न इथल्या महाविद्यालयांत गणित-संख्याशास्त्र शिकणारी मुले यांनी मिळून काही शेतांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे स्वतः कापावेत, त्याच शेतांचे पूर्ण पीकही मोजावे, आणि निष्कर्ष मराठीत गावापुढे ठेवावेत. 'सिग्निफिकंट' काही आले नाही तरी तेही छापावे. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येईल. विभागप्रमुखांनी शेतांची निवड दिवाळीची सुटी संपताच सुरू करावी.