न विचारलेला प्रश्न



जे आपल्याला ठाऊकच नव्हते, त्याचा दोष आपल्याला लागतो का? सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे अज्ञानावरील विवेचन आम्ही परीक्षेपुरते घोकले होते. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते ते हयगयीने जाणले नाही, तर ते अज्ञान आपल्याला दोषमुक्त करीत नाही. सूत्र सोपे आहे. पण ते कर्तव्य कुठवर, हे कोणी ठरवायचे? बांगलादेशातील पाण्याची हकीकत वाचताना आम्ही इथेच अडखळलो.

तिथे तळ्यांचे दूषित पाणी पिऊन मुले जुलाबाने मरत. म्हणून १९७० च्या दशकात सरकारने व युनिसेफने गावोगावी कूपनलिका खोदून हातपंप बसवले. हेतू शुद्ध होता, पाणीही नितळ दिसत होते. पण जमिनीच्या थरांतले आर्सेनिक त्यात उतरले होते. त्याला ना चव, ना वास. वर्षानुवर्षे ते पोटात गेले की कातडीवर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, पुढे कर्करोगही होतो.

शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी असे रुग्ण १९८३ मध्येच ओळखले होते. तरीही १९९२ मध्ये ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील कूपनलिकांचे पाणी तपासले, तेव्हा आर्सेनिकची चाचणीच केली नाही. पुढे तिथल्या एका गावकऱ्याने संस्थेच्या चालकांवर इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. पाणी पिण्यास योग्य आहे असे संस्थेने म्हटलेच नव्हते, त्या गावकऱ्याप्रती तिची कायदेशीर जबाबदारी नव्हती, असे ठरले.

कायद्याने हे बरोबर असेल. (असे दावे सर्रास होऊ लागले, तर गरीब देशात संशोधनाला जाणार कोण?) पण आमच्या मनाचे समाधान होत नाही. समुद्रापलीकडून तज्ज्ञ आले, पण कोलकात्याच्या डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांच्या तपासणीत आली नाही. न्यायालयाने ‘जबाबदारी कोणाची?’ एवढेच विचारले. ‘शेजारी कोणाला विचारले होते का?’ हा प्रश्न आमच्या मते त्याआधीचा आहे.

त्याच संस्थेने १९९८-९९ मध्ये बांगलादेश सरकारबरोबर देशभर पाहणी केली, हेही सांगायला हवे. सुमारे साडेतीन कोटी लोक तिथल्या सरकारी मर्यादेहून अधिक आर्सेनिक असलेले पाणी पीत असावेत, असा अंदाज निघाला. मग लाखो पंप तपासून विषारी पंपांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग दिला गेला.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या व बांगलादेशी संशोधकांनी २००० पासून आराइहाजार भागात घरोघर काम केले. तिथे चांगले आणि विषारी पंप अगदी जवळजवळ होते. बहुतेकांच्या घरापासून १०० मीटरच्या आत कुठला तरी सुरक्षित पंप होता. फक्त तो दुसऱ्याच्या अंगणात होता, आणि त्याने कळशी भरू दिली पाहिजे होती.