लहान मासा कोणाचा?

अँटॉप हिलच्या पायथ्याशीं भरणाऱ्या बाजारांत परवां एका कोळिणीच्या टोपलींत तळहाताहूनहि लहान अशीं पापलेटें पाहिलीं. "बाई, हीं तर अजून पिलें आहेत, हीं कां विकतां?" असें विचारतांच ती म्हणाली, "दादा, मीं नाहीं आणलीं तर दुसरी आणील. मोठें पापलेट आतां गावतें कुठें?" तिच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता, खरेपणा होता, म्हणून तें मनांतून जाईना. जो मासा कोणाच्याच मालकीचा नाहीं, तो धरण्याचा हक्क सर्वांस आहे काय? आणि असला, तरी तो नेहमींच बजावणें योग्य आहे काय?

शेतकरी कितीहि अडला तरी बियाण्याची कणगी शेवटपर्यंत राखतो. कारण ती रिकामी झाली कीं पुढलें वर्ष बुडालें, हें त्यास दिसतें. समुद्राची कणगी मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रांत न घालण्याची जी कोळी लोकांची जुनी रूढि, तिचें कारण खवळलेला समुद्र हें तर होतेंच; परंतु तिच्यामुळें माशांसहि वाढण्यास अवसर मिळे. आज कायद्यानें १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारी मना केली आहे. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें पापलेटास राज्यमासा ठरविलें, व त्याच वर्षीं ५४ जातींचा किमान आकार ठरवून त्याहून लहान मासे धरण्यास बंदी केली. महाडकडे काळ नदीवरील वाळण कोंड येथें तर डोहांतील मासे देवीचे, एवढ्याच भावनेनें लोक त्यांस हात लावीत नाहींत. श्रद्धा कोणाची कांहींहि असो, तो संयम शिकण्याजोगा आहे.

परंतु येथें एक कठीण आक्षेप उभा राहतो. बिघाड करणारा एक आणि उपास काढणारा दुसरा, हा कोठला न्याय? हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. दूर उत्तरेस नॉर्वे व फिनलंड यांच्या सीमेवरून ताना नांवाची रमणीय नदी वाहते. सॅमन मासा समुद्रांत वाढून अंडीं घालण्यास आपल्या जन्माच्या नदींत परत येतो. त्यावर तेथील सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. परतणारे मासे फार घटले, तेव्हां २०२१ सालीं त्या नदींत सॅमन धरणें बंद झालें. जून २०२४ मध्यें नॉर्वेनें ऐन हंगामांत ३३ नद्या बंद केल्या. समुद्रांत जें बिघडलें तें कांहीं एकट्या सामी कोळ्यानें बिघडविलें नाहीं; तरी जाळें त्यासहि गुंडाळावें लागलें.

आमच्या खाडीचीहि हीच कथा आहे. शहराचें सांडपाणी माहुलच्या कोळ्यानें खाडींत सोडलें नाहीं. मग त्यालाच "तूं थांब" म्हणणें अर्धा न्याय होय. तथापि तो थांबला नाहीं तरी चालेल, असें म्हणणें ही त्याची फसवणूक होईल. कारण पिलें संपलीं कीं पहिला उपाशी तोच राहील. म्हणून संयम हवाच, पण त्याचा भार वांटून घेतला पाहिजे. कायद्याचा हात प्रथम मोठ्या यांत्रिक नौकांवर व बारीक आसाच्या जाळ्यांवर पडावा. बंदीच्या दिवसांत कोळ्याच्या घरची चूल विझूं नये अशी तजवीज सरकारनें करावी. आणि उरलेला भार आपण घेणाऱ्यांनीं उचलावा.

वाचकहो, "मीं नाहीं आणलीं तर दुसरी आणील," हें त्या बाईचें म्हणणें घेणारा आहे तोंवरच खरें. पिलें घेऊं नयेत. पण तिला विन्मुखहि पाठवूं नये. त्या दिवशीं मीं तीं पापलेटें घेतलीं नाहींत; तिच्याच टोपलींतले पुरे वाढलेले बांगडे घेतले, आणि भावांत घासाघीस केली नाहीं. माझा वांटा तेवढाच होता.